कावळा शिवलेली हरणाबाई

आई तुळजाभवानीची आन, बिरोबाच्या भंडाऱ्याची आन, ह्यातलं अक्षर न् अक्षर खरं हाय. ज्याला खोटं वाटत आसंल त्यानं आत्ताच उठावं आन् बाजंवर जाऊन पडावं. खोटं निघालं तर सांगनारीच्या तोंडात उरलेसुरले दात हायत ते बी झडू द्या. हरणाबाई मेली, तिच्या तिसऱ्याचा घास कावळ्यानं खाल्ला, आन् दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेंढरं घेऊन गावात आली.

गाव खापरवाडी, बेंबळीच्या खालच्या अंगाला. गावाचं गायरान टेकडीच्या पोटाशी, कुसळीचं. त्यावर आता काचंच्या पाट्या मांडून उन्हाची वीज करायची आसं घाटत व्हतं. ग्रामपंचायतीनं ठराव दिला की कुंपन पडनार. हरणाबाईच्या खांडव्याला पावसाळ्यात तेवढंच एक रान. सगळीकडं पेरा झाला की मेंढरांनी काय रस्ता चाटायचा? म्हनून ह्या खेपंला पंचायतीच्या निवडनुकीत बायांच्या जागंवर ती उभी ऱ्हायली. नवरा जाऊन लई वर्सं झाली, पन कुनापुढं हात पसरला न्हवता. आता मतासाठी पसरला. समोर कडूबाई, कुंपनाच्या बाजूची.

अर्ज भरला आन् हरणाबाई तशीच परंड्याकडं गेली. खांडवं तिकडं शेतकऱ्यांच्या रानात बसवलेलं, लेक सिदू एकटा, आन् मेंढ्या वियायला लागलेल्या. मेंढी काय निवडनूक बघून वीत न्हाय. प्रचार धाकटा दीर रेवणप्पा बघनार व्हता. कातरनीआधी मेंढरं कॅनॉलला धुताना सिदूचा फोन पान्यात पडला, तवापासनं गावाकडची खबर बंद. मतदान धा दिसांवर आलं तसं मायलेकरं मुक्काम करत करत माघारी निघाली. कोवळी कोकरं घोंगड्याच्या झोळीत, आन् झोळी हरणाबाईच्या पाठीला.

त्या दिवशी धुई आशी दाट, की पुढची मेंढी दिसंना, नुसती घंटी वाजायची. सिदू मागं ऱ्हायलेली मेंढरं वळायला थांबला आन् हरणाबाई एकलीच वेशीपाशी पोचली. तितं कडूबाईच्या प्रचाराची रिक्षा उभी. पोरगं माईक तोंडाशी धरून मायबाप मतदारांना आवाज देयालं व्हतं. धुईतनं काळं घोंगडं पुढं आलं, घोंगड्याखाली हरणाबाईचं तोंड दिसलं, आन् पोरगं बोलता बोलता ऱ्हायलं. माईक चालूच. भोंग्यातनं सगळ्या गावाला नुसता त्याचा श्वास ऐकू येयाला लागला. घरर्, घरर्. मंग हळूच, लई नरमाईनं, सगळ्या गावाला ऐकू गेलं,

"मावशी, माझं काय चुकलं?"

हरणाबाईला वाटलं, ह्याला आत्ताच सकाळी पाजलीय. ती म्हनली, बाजूला घी गाडी, मेंढरं बिचकतात. रिक्षा उलटी उलटीच धुईत गेली, आन् श्वास तेवढा बराच वेळ भोंग्यातनं येत ऱ्हायला.

आळीत कुत्रं शेपूट हालवत आलं, पन मानूस कुनी आलं न्हाय. दारं लावल्याचे आवाज पुढं पुढं जात व्हते. ती एका घरापाशी आली की त्या घराची कडी वाजायची. तिच्या सोताच्या घराचं दार तेवढं उघडं व्हतं. सून भुवनेश्वरी चुलीपुढनं उठली. वराडली न्हाय, पळाली न्हाय. डोईवरचा पदर फुडं ओढला, उंबऱ्याच्या आतनंच हात जोडले.

"आई, काय ऱ्हायलंय तुमचं? सांगा. करून टाकू."

"पानी दी आधी," हरणाबाई म्हनली. "आन् ही झोळी घी, कोकरं गारठलीत."

सून हालली न्हाय. तिच्या मागं भिंतीला हरणाबाईचा फोटो व्हता, मोठा केलेला, झेंडूचा हार घातलेला. अर्जाला लावायला बेंबळीत काढलेला तोच. फोटोवाल्यानं हस म्हनल्यावर ती चिडलेली, ते तसंच तोंड. हारातली फुलं वाळायला लागलेली.

तेवढ्यात परसातनं रेवणप्पा आला. डोकं तुळतुळीत, मिशी न्हाय. ती मिशी म्हंजे गावाची शोभा, तिच्यावर लिंबू ठरायचं. हरणाबाईनं इचारलं, मिशी कुठं गेली. रेवणप्पा खाली वाकून तिच्या पायाकडं बघायला लागला. तिनं लुगडं जरासं वर धरलं, दोन्ही पाय पुढं केले.

"पाय सरळ हायत, वहिनी," तो म्हनला. लई वेळ इचार करून पुन्हा म्हनला, "पन कावळा शिवलाय."

मंग त्यानं अंगनात लांबच बसून सगळं सांगितलं. फोनवर चित्र आलं. हाराचा फोटो, बाजूला हलत्या जोतीची समई, भावपूर्ण श्रद्धांजली. मेंढरं राखताना पान लागून, म्हंजे साप चावून गेली, अंत्यविधी तिकडंच उरकला. कुनी पाठवलं म्हनाल तर ज्याला त्याला दुसऱ्याकडनं आलं. सिदूचा फोन लावला तर बंद. त्याच सांजंला दुसरं आलं, मेलेल्याला मत म्हंजे मत पान्यात. घरी चूल पेटली न्हाय, गार पान्यानं आंघोळी झाल्या, बाप्यांनी डोकी केली. तिसऱ्याला वढ्याकाठी घास ठेवला, भाकरी, ठेचा आन् वाटीभर दही. रेवणप्पा म्हनला, आमच्या आबांच्या वेळंला दिवस कलला तरी कावळा आला न्हवता, गावानं गुडघं टेकलं व्हतं. तुमचा घास ठेवून मागं सरलो बी न्हाय, तवर झाप घातली. दही बी ठेवलं न्हाय.

हरणाबाईला हसू आलं. ती म्हनली, आरं त्याला भूक लागली आसंल.

"जित्या मान्साचा घास कावळा खातोय व्हय?" रेवणप्पा म्हनला. "फोन खोटं बोलंल. कावळ्याला कोनती पार्टी हाय?"

तवर सिदू मेंढरं घेऊन पोचला. ऐकून लई तापला, चुलत्याच्या अंगावर धावून गेला, म्हनला सगळे दिस माझ्यासंगट व्हती, माझ्यासंगट जेवली, हितं उभी हाय, दिसत न्हाय का तुम्हांला?

"दिसतीया की," रेवणप्पा म्हनला. "दिसतीया त्येचाच तर घोर हाय."

शेवटी आसं ठरलं, की हरणाबाईनं उंबरा वलांडू नये. गायरानाच्या कडंला मेंढरं कोंडायला जाळ्याची वाघर लावतात तितं ऱ्हावं. भुवनेश्वरी दोन्ही वेळंला पळसाच्या पानावर भाकरी ठेवून जायची, वळून न बघता. हरणाबाईनं पहिल्या दिवशी ती भाकरी मेंढरांपुढं टाकली. दुसऱ्या दिवशी भूक लागली, खाल्ली. मेलेल्याच्या पानावरची भाकरी गरम व्हती, तूप बी लावलेलं. जिती व्हती तवा सुनंनं कधी तूप लावलं न्हवतं.

सिदूनं भाच्याचा फोन आनला आन् आईला वाघरंपुढं बसवून फिलिम काढली. मी हरणाबाई, जिती हाय, हे माझं हात, हे माझं पाय, ही माझी मेंढी. गावाच्या ग्रुपवर टाकली. मंग उत्तरं यायला लागली. कुनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. कुनी लिवलं, हे काम्पुटरनं केलंय, आजकाल मेलेल्या पुढाऱ्याला बी भाषन करायला लावतेत. आवाज बराबर जमलाय पन डोळं मेलेलं दिसायलेत. मेंढी तेवढी खरी वाटतीया. भुवनेश्वरीच्या म्हायेरनं निरोप आला, सासूचं भूत फोनमधी शिरलंय, फोनला लिंबू-मिरची बांधा. आन् बांधलं की ओ कैकांनी.

हरणाबाईनं ती फिलिम सोता बघितली. एकदा, दोनदा. मंग तिनं सिदूला इचारलं, डोळं खरंच आसं हायत का रं माझं?

आता मत तर मागायलाच पायजे. ती उठली, गावात गेली. एका दारापुढं उभी ऱ्हायली, म्हनली, बाई, मत द्या, गायरान वाचवायचंय. दाराच्या फटीतनं बाईनं तिला बघितलं. आधी घाबरली, मंग पदरानं डोळं पुसले आन् म्हनली, हरणाबाई, तिकडं माझी आय भेटंल तुम्हांला. तिला सांगा, पाटल्या मोडल्या न्हायत म्या, लेकीला घातल्या. फुडल्या दारात एका बाप्यानं कडी काढली, तंबाखूची पुडी उंबऱ्यावर ठेवली, तात्याला द्या म्हनला. तिसऱ्या दारात एक नवी सून नुसतीच रडली, आन् लेकराचं नाव सांगून दार लावलं.

तिला आधी राग आला. मंग ती म्हनू लागली, आगं मी जिती हाय, मला कोन भेटनार? पन आसं म्हनलं की मान्सं तोंड पाडायची, जशी कुनी येष्टी थांबली न्हाय. तंबाखूची पुडी तिनं कनवटीला लावली. वाटनं जाता जाता निरोप मनात घोळायला लागले, इसरू नयेत म्हनून. मत कुनी देतो म्हनलं न्हाय. निरोप मात्र वटीभर झाले.

वेशीपाशी शिवलिंगप्पाचं घर. म्हातारं मानूस, गावाला तिथीवार सांगनारं, दारातल्या पायरीवर बसलेलं. त्यानं दार लावलं न्हाय, बाजूला सरकून जागा दिली. तिनं मत मागायच्या आधीच तो म्हनला,

"आमच्या अनसूयाच्या गुडघ्याचं कसं हाय तिकडं? लई दुखायचा."

हरणाबाईला खरं सांगायचं व्हतं. पन म्हाताऱ्याचा हात त्याच्या सोताच्या गुडघ्यावर व्हता, चोळत. तिच्या तोंडातनं निघून गेलं,

"चालती आता. काठी बी लागत न्हाय. येसकराच्या हिरीपतूर जाती आन् दगडावर बसती."

म्हातारा रडला. म्हनला, लग्नाआधी तितंच बसायची ती, दोघांबिगर कुनाला ठावं न्हवतं. आन् हरणाबाईच्या अंगावर काटा उभा ऱ्हायला. ती हिर बुजून जमाना झाला व्हता. तिला कुनी सांगितलं न्हवतं. दगड तिच्या डोळ्यापुढं आला आन् ती बोलून गेली.

परत जाताना पायात बाभळीचा काटा मोडला. बसली, उपसला, रगात काही येईना. पाय गारठलेले, म्हनून येत नसंल. तिनं बोटानं दाबून बघितलं. पांढरं फटक कातडं, आन् मधी बारीक काळं भोक. आजूबाजूला बघितलं, कुनी न्हवतं. तिनं माती लावून ते भोक बुजवलं, आन् सिदूला काही बोलली न्हाय.

शिवलिंगप्पा सोता वाघरंपाशी आला. मतदानाला एक दिवस मधी. तो रेवणप्पाला, सिदूला, समद्यांना बोलवून म्हनला, ही तिकडची झालीय, हे खरं. पन तिकडनं हिकडं यायचं तर त्यालाबी वाट हाय. आपून समदे ज्या वाटंनं आलो तीच. न्हाऊ घाला, पाळन्यात घाला, नाव ठेवा. रडून घालवलेलं मानूस पुन्हा जन्माला घालावं लागतं. मंग ती उंबऱ्याच्या आत.

मिशी गेल्याचं दुख सोडलं तर रेवणप्पाला हे पटलं. सिदूला पटलं न्हाय, पन आईला घरात घ्यायचं व्हतं. सवाल एकच, नाव ठेवायचं तर आत्या पायजे. साठीतल्या बाईची आत्या कुठनं आनायची? हरणाबाई म्हनली, हाय. धुरपताआत्या. परंड्याच्या अलीकडं, नातवाच्या वस्तीवर, आंधळी, आर्धी बहिरी, शंभरीला टेकलेली. हरणाबाईचं पहिलं नाव तिनंच ठेवलं व्हतं.

टेंपो करून तिला आनली. गोधडीत गुंडाळलेली, चिमनीएवढी. वाटंत नातवानं तिला लई वेळा सांगितलं, हरणा जिती हाय. ती दर खेपंला म्हनायची, म्या आंघोळ केलीय तिच्या नावानं.

देवळापुढच्या लिंबाला चऱ्हाट बांधलं, त्यात घोंगड्याची झोळी. सगळा गाव जमला, बाया लांब, बाप्ये त्याहून लांब. आन् कडूबाई आली. हातात घुगऱ्यांची परात, सोता शिजवून आनलेली. लई मायेनं सगळ्यांना मूठ मूठ वाटली. मंग शिवलिंगप्पापुढं परात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल आसं म्हनली,

"काका, तुम्ही जानते. आपल्या गावात मेलेल्याचं नाव पुन्हा जित्याला ठेवत न्हाईत ना? लेकराला बाधतं म्हनं."

रीत तशीच हाय, शिवलिंगप्पाला खोटं बोलता येईना. त्यानं व्हय म्हनून मान हालवली. आन् तवा लोकांच्या ध्यानात आलं. मतदानाच्या पेटीवर नाव छापलंय हरणाबाई. दुसरं नाव ठेवलं तर हरणाबाई मेली ती मेलीच, तिला मत पान्यात, गायरान कुंपनात. जुनंच नाव ठेवलं तर रीत मोडली, तिला कोनी घरात घ्यायचं न्हाय. कडूबाईनं परात उचलली आन् लिंबाच्या सावलीला जाऊन बसली. फोनचं चित्र तिनं पाठवलं का? ती तर बिरोबाच्या पायावर हात ठेवून न्हाय म्हनायची. देव काही बोलला न्हाय.

"नाव आत्यानं ठेवायचं," शिवलिंगप्पा म्हनला. "ती ठेवील ते. त्यात कुनी पडायचं न्हाय. मी बी न्हाय."

हरणाबाईला न्हाऊ घातलं. थंडीत, उघड्यावर, लुगड्यासकट. अंगाला हात लावायला सून धजंना, सिदूनंच पानी घातलं. मंग भुवनेश्वरीनं डोळं मिटून गुळाचं बोट तिच्या तोंडात घातलं. बोट झटक्यानं मागं घेतलं, त्याच्याकडं बघितलं, आन् हळूच म्हनली, तोंड गरम हाय.

ती झोळीत निजली. घोंगडं वरनं मिटलं. आत काळंकुट्ट, मेंढरांचा वास, वल्या लुगड्याचा गारठा. भायेर कुनीतरी झोका दिला. चऱ्हाट करकरलं. हरणाबाईनं हात पोटाशी घेतले. तिला ऐकू येईना की दिसंना, नुसतं हालायलं. तिला वाटलं, आता घोंगडं उघडलं आन् भायेर कुनीच नसलं तर? न्हाय तर दुसरंच कुनी आसलं, तात्या, त्या बाईची आय, दगडावर बसलेली अनसूया, सगळी आपापल्या निरोपासाठी रांग करून उभी? तिनं कनवटीला हात लावला. तंबाखूची पुडी न्हवती. न्हाताना पडली आसंल. न्हाय तर पोचली आसंल.

घोंगडं जरासं उघडलं. उजेडाची चीर पडली, आन् त्यातनं आत्याचा हात आला, वाळल्या शेंगंवानी. तो हरणाबाईच्या कपाळावरनं फिरला, नाकावरनं, हनुवटीच्या खाली, तितं ल्हानपनी मेंढ्यानं मारलेली खोक हाय. खोकेवर बोट थांबलं. भायेर समदा गाव श्वास धरून. कडूबाईच्या तोंडात घुगऱ्या तशाच.

आत्यानं तोंड कानाशी आनलं. तिनं कुर्र केलं, जसं बारशाला करतेत. काहीतरी बोलली. मंग मान वर काढली, आंधळे डोळे गर्दीकडं केले आन् मोठ्यानं म्हनली,

"हरणा. म्या ठेवलेलं हाय. माझं नाव मला ठेवायला कुनाच्या बापाची बंदी?"

शिवलिंगप्पानं डोळं मिटले आन् भंडारा उधळला. एकदा उधळल्यावर रीत काय करनार? बाया पुढं सरकल्या. कुनीतरी झोका दिला, आनखी कुनी दिला. भुवनेश्वरीनं सासूला हाताला धरून घरात नेलं आन् भिंतीवरचा हार काढला. फोटो ऱ्हायला, फोटोला काय झालंय?

मतदान झालं. हरणाबाई निवडून आली, थोडक्यात, पन आली. ठराव पडला. गायरान हाय तसंच हाय, कुसळीचं. कुंपनवाल्यांनी दुसरं गाव बघितलं म्हनतेत. रेवणप्पाची मिशी पुन्हा आली, पन एका अंगानं पांढरी आली. हे बी खरं हाय, जाऊन बघा.

आता शपथ घेतलीय म्हनून एक सांगावं लागतं. भोंग्यातला श्वास खरा, कावळा खरा, अनसूयाचा गुडघा खरा. आत्या मोठ्यानं "हरणा" म्हनली, ते तेवढं पदरचं घातलंय. आत्या मोठ्यानं काही बोललीच न्हाय. कानात बोलली आन् गोधडी वढून गप बसली. लोकांनी लई इचारलं, तिला ऐकूच येईना. मंग हरणाबाई झोळीत उठून बसली, सगळ्यांकडं बघितलं, कडूबाईकडं जरा जास्त बघितलं, आन् सोताच म्हनली, हरणाच म्हनली आत्या. दुसऱ्या कुनाच्या कानावर गेलं न्हाय. आत्या त्याच उन्हाळ्यात गेली. तिचं हाराचं चित्र फोनवर आलं तवा गाव रडलं न्हाय, आधी मानूस पाठवून बघून आलं.

हरणाबाई आता मेंबर हाय. लोक हाक मारतेत, हरणाबाई, ओ हरणाबाई. ती थांबती. मागं कोन हरणाबाई येयलीय ते बघती. कुनी नसतं, तवा मंग ओ देती.